कातरणीआधीचा उपास

वाटूरकडचे एक मेंढपाळ आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनला आले, त्याच दिवशी आमच्या नव्या ऑपरेशन थिएटरचं उद्घाटन होतं. फीत कापणारे साहेब तेव्हा बदनापूरला दुसरी फीत कापत होते, म्हणून सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं. निर्जंतुक थिएटरात साहेब हार, नारळ आणि चपलांसह फिरून आले. मग पुन्हा सगळी पुसापुशी.

भूल देणारी डॉक्टर मी. ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, म्हणून उशीर होणार हे दिसताच मी नर्ससोबत आजोबांना पाणी पाठवलं होतं. पेला रिकामा होऊन परत आला.

कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन त्यांना उताणं झोपवलं, आणि थोड्याच वेळात ते म्हणाले, "माय, मळमळ व्हायली. अंधारी आली."

या भुलीने रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, आणि म्हाताऱ्या शरीराला तो सावरणं जड जातं. पण हा उतरत नव्हता, कोसळत होता. असाच राहिला असता तर आजोबा हातचे गेले असते.

"सुरू करू?" सर्जनने विचारलं.

"हात लावू नका."

पाय उंच केले, ऑक्सिजन लावला. सलाईन वाढवलं, पण बेताने. जुन्या हृदयावर एकदम भार टाकता येत नाही. रक्तवाहिन्या आवळणारं औषध थोडं थोडं शिरेतून देत राहिले.

"बाबा, बोलत राहा. पाणी प्यालात ना?"

"न्हाई. कातरायच्या आधी मेंढराला आमी चारा देत न्हाई, पानी बी न्हाई. भरल्या पोटी उताणं पाडलं की दगावतं. कालपासून थेंब घेतला न्हाई."

"आणि तो पेला?"

"लेकीनं दारातल्या कुंडीत वतला. तुमचं झाड बी सुकून राह्यलं होतं."

उद्घाटनाच्या भाषणांपेक्षा यात विचार पुष्कळ होता; फक्त जनावर वेगळं होतं.

शरीर कोरडं पडलं होतं, म्हणूनच दाब कोसळला होता. आणखी थोडं औषध दिलं. रक्तदाबाचा आकडा अडला, रेंगाळला, मग चढू लागला.

"आता कसं वाटतं?"

"तू दिसायली बराबर."

मी सर्जनकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी वॉर्डात लेक त्यांना चमच्याने पाणी पाजत होती. तिचेच ओठ फुटले होते.

"तू कधी प्यालीस?" मी विचारलं.

"बा तहानलेला, मंग मी कशी पिऊ?"

आजोबांनी चमचा तिच्याकडे ढकलला. "पे जल्दी. तू आडवी झाली तर मला घरी कोन नेईल?"