मंत्र्याचं दुसरं बिस्कीट
दोनदा मंत्री झालेले, ब्रसेल्समध्ये दहा वर्षं युरोपचा कारभार पाहिलेले विब्रन तीन आठवडे सूट चढवून फोनपाशी बसून होते. हेगमध्ये नवं मंत्रिमंडळ जुळत होतं.

"टाय तरी सोड. फोनला दिसत नाही तो," बायको खीर्त्ये म्हणाली. तिनं कॉफीबरोबर बिस्कीट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. कपाला एकच; मंत्री असतानाही त्यांना दुसरं मिळालं नव्हतं.

फोन वाजला. विब्रननी झडप घातली. "हो, तयार आहे मी!"

पलीकडचा चाचरला. "तसं नाही हो... तुमची जुनी सेक्रेटरी मार्लिस, तिला मंत्री करतोय. नंबर देता?"

नंबर दोघांनाही तोंडपाठ होता. शेवटचा आकडा त्यांनी मुद्दाम चुकवला.

खीर्त्येनं फोन हिसकावून आकडा दुरुस्त केला. मग डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.