संहिता नसलेले रविवार

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आपण आपलं काम करत असतो आणि ते मागे साठत जातात. कुणी जयपूरचा विषय काढला की मी "एकच सांगते" म्हणून सुरू करते, आणि समोरच्याचा चहा गार होतो.

विनायक, म्हणजे माझा नवरा, विमा कंपनीत नोकरीला. दोन हजार चारच्या सुमारास त्याची बदली जयपूरला झाली. ऑफिस झालाना भागात, घर जवाहर नगरात. मी साताऱ्याची. कॉलेजात एकांकिका केलेल्या, पुढे पुण्यात इम्प्रोव्हचं एक शिबिर केलेलं. इम्प्रोव्ह म्हणजे संहिता नसलेलं नाटक. विषय ऐनवेळी मिळतो, संवाद सुचतील तसे बोलायचे. घराजवळच्या एका शाळेने रविवारी सकाळी हॉल वापरायला दिला आणि माझा वर्ग सुरू झाला.

खरं सांगायचं तर मला फक्त शिकवता यायचं. पाठांतराशिवाय स्टेजवर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

*

हरजीत राजा पार्कात ब्यूटी पार्लर चालवायची. पंचेचाळिशीची, खणखणीत आवाजाची. इम्प्रोव्हचा पहिला नियम असा, की समोरचा जे म्हणेल ते मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची. हरजीत काहीच मान्य करेना.

जोडीदार म्हणाला, "आपका हाथ टूट गया है."

ही म्हणाली, "नहीं जी, बिल्कुल ठीक है."

"जहाज डूब रहा है."

"कौन सा जहाज? हम तो पार्क में बैठे हैं."

तीन रविवार असेच गेले. शेवटी मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हो म्हणायला अडचण काय आहे? तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मैडम, छह दिन पार्लर में 'हाँ जी, हाँ जी' करती हूँ. घर पे सास को 'हाँ जी'. एक इतवार तो ना बोलने दो."

मी तो नियम महिनाभर गुंडाळून ठेवला. तिला हवं तेवढं नाही म्हणू दिलं.

*

भटनागरजी वीज खात्यातून निवृत्त झालेले. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा परदेशात. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि खिशात घडी केलेला कागद. त्या कागदावर ते घरूनच संवाद लिहून आणायचे. "ऐन वक्त पर कुछ न सूझा तो?" ही त्यांची भीती. मला ती चांगली ओळखीची होती, म्हणून मी कागद कधी काढून घेतला नाही.

एका रविवारी त्यांनी रेल्वे स्टेशनवरचे संवाद लिहून आणले, आणि चिठ्ठीत विषय निघाला लग्नाचा. भटनागरजी मुलीचे वडील, हरजीत आई. मांडव सजलाय, पाहुणे बसलेत. भटनागरजींना काही सुचेना. त्यांनी हळूच कागद काढला आणि घोषणेच्या सुरात वाचलं, "यात्रीगण कृपया ध्यान दें. गाड़ी आठ घंटे लेट है."

मी डोळे मिटून घेतले. आता हरजीत म्हणणार, कसली गाडी, हा तर मांडव आहे.

हरजीतने कपाळाला हात लावला. "हाय रब्बा, बारात उसी में है."

पुढे वीस मिनिटं ते लग्न रंगलं. भटनागरजींनी कागद पुन्हा उघडला नाही. संध्याकाळी हरजीतचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. "मैडम, आज मैंने हाँ बोल दिया."

*

केतकी सोळा वर्षांची. वडील सैन्यात, त्यामुळे जन्मापासून चार-पाच छावण्या फिरलेली. मूळ गाव कोल्हापूरजवळ. मी मराठीत बोलले की ती हिंदीत उत्तर द्यायची. एकदा गावी "मी गेला होता" म्हणाली म्हणून भावंडं खूप हसली होती, तेव्हापासून तिने मराठी बोलणंच सोडलं होतं.

आमच्याकडे खोट्या भाषेचा एक खेळ होता. कुठल्याच भाषेतले नसलेले शब्द बोलायचे आणि नुसत्या आवाजावरून समोरच्याला अर्थ कळवायचा. केतकीच्या वाट्याला एक म्हातारी आली, जिचा मुलगा दूरगावी निघालाय.

ती भटनागरजींसमोर उकिडवी बसली आणि बोलायला लागली. "जेवलास का? भाकर बांधून दिली. मिरची कमी घाटली बघ. गाडीत झोपू नगंस. पोचलास की सांगावा धाड."

वर्गात तिच्याखेरीज मराठी कळणारी मी एकटीच. ती तिच्या आजीचा आवाज काढत होती, आजीच्याच शब्दांत. एकही शब्द चुकत नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

खेळ संपल्यावर भटनागरजींनी मनापासून टाळ्या वाजवल्या. "वाह बेटा. एकदम असली भाषा लग रही थी."

*

शाळेचा चौकीदार रामधन बाहेर स्टुलावर बसलेला असायचा. आत काय चालतं ते त्याला नीट माहीत नव्हतं.

एकदा हरजीत आणि भटनागरजी नवराबायको झाले होते. बायको आजारी असताना नवरा मित्राच्या गावी निघून गेला, यावरून भांडण. हरजीतचा आवाज पार फाटकापर्यंत. रामधनला राहवलं नाही. तो आत आला, मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "बाबूजी, गलती आपकी है. माफी माँग लो."

हे नाटक आहे, असं भटनागरजी सांगू शकले असते. त्यांनी सांगितलं नाही. ते हरजीतकडे वळले. "माफ कर दो. मुझे उस दिन घर पर रहना चाहिए था."

हरजीतच्या तोंडावर "नहीं" आलेलं मला दिसलं. तिने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चलो, माफ किया."

पुढच्या रविवारी रामधनने फाटकातच विचारलं, "अब घर में सब ठीक, बाबूजी?"

"अब ठीक है, रामधन," भटनागरजी म्हणाले.

*

दोन वर्षांनी आम्ही पहिला प्रयोग ठेवला. ऐंशी खुर्च्या, त्याही भरलेल्या. सुरू व्हायला दहा मिनिटं असताना हरजीतचा फोन आला. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, ती हॉस्पिटलमध्ये होती. तिच्या जागी उभी राहायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

प्रेक्षकांतून विषय आला, "राखी." मी बहीण, भटनागरजी भाऊ. दिवा लागला आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. समोर विनायक बसला होता, तोही दिसेना.

भटनागरजींनी माझा चेहरा पाहिला. मग प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, "दीदी सुबह से नाराज हैं. बोलेंगी नहीं."

आणि मग ते एकेका गोष्टीची माफी मागत गेले. लहानपणी तिचा पतंग फाडला त्याची. तिच्या नापास झाल्याची बातमी बाबूजींना सांगितली त्याची. तिच्या लग्नात पाठवणीच्या वेळी गच्चीवर लपून बसला त्याची. मी नुसती उभी. केव्हातरी माझे डोळे वाहायला लागले. शेवटी मी त्यांचा हात ओढून मनगटावर नसलेली राखी बांधली आणि एकच वाक्य बोलले, "अगले साल देर मत करना."

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एक बाई येऊन म्हणाल्या, न बोलता केवढा अभिनय केलात.

नंतर विंगेत मी भटनागरजींना सगळं खरं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनच्या भीतीसकट. ते म्हणाले, "मैडम, आपने ही सिखाया, सामने वाला जो दे, ले लो. आपने चुप्पी दी. मैंने ले ली."

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी मीही चिठ्ठी उचलायला लागले.

*

चौथ्या वर्षी विनायकची नागपूरला बदली झाली. शेवटच्या रविवारी प्रत्येकाने मला एकेक वस्तू द्यायची ठरवली. अर्थात, नसलेली. हरजीतने आरसा दिला. केतकीने बरणी दिली आणि मराठीत म्हणाली, "चटणी आहे. सरळ धर, तेल सांडेल." त्या दोन्ही मी पिशवीत ठेवल्या.

भटनागरजी शेवटी आले. दोन्ही हात पसरून, पावलं मोजत, धापा टाकत. "संभाल के. भारी है, और काँच का है." काय आहे ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हातात घेतलं तेव्हा मी कमरेतून वाकले.

खाली कुठे ठेवणार? तशीच दोन्ही हातांवर घेऊन घरापर्यंत चालत गेले. कोपराने बेल दाबली. विनायकने दार उघडलं. मागे सगळीकडे खोकी. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं.

"काय आहे?"

"माहीत नाही. काचेचं आहे. भटनागरजींनी दिलंय."

विनायकने आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नव्हतं. त्याने दार पूर्ण उघडलं आणि मला वाट द्यायला तो भिंतीला टेकला. टेबलावरची वर्तमानपत्रं काढली, बांधलेल्या गाठोड्यातली चादर ओढून तिची घडी घातली. "थांब, खाली काहीतरी मऊ असू दे."

मी अलगद ठेवलं. त्याने टेबलाभोवती एक फेरी मारली.

"हे ट्रकमध्ये नको," तो म्हणाला. "रेल्वेत मांडीवर घेऊन बसू. अर्धा रस्ता तू, अर्धा रस्ता मी."