नाथा खरा आकडा सांगत नाही

नाथाला किती वाजले विचारा, तो आभाळाकडं बघून म्हणेल, "वाजलं असतील की." सरळ उत्तर द्यायचं त्याच्या जिवावर येतं. राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या वरच्या अंगाला त्याची वस्ती. शेरडं, दोन-चार म्हशी, बायको भागूबाई आणि एकुलती एक सुप्रिया, एवढा त्याचा संसार. कितीतरी वर्षं तो भोरला आमच्याकडं तूप घेऊन येतो. किती आणलंस म्हणावं तर, "आणलंय थोडं." वजन करावं तर नेहमी जास्तच भरतं. मला या माणसाचा भयंकर राग येतो, आणि तो आला नाही की चुकल्यासारखंही होतं.

जूनमध्ये एकदा तो तुपाशिवायच आला आणि उंबऱ्यात उभा राहिला.

"ताई, पोरीनं नीटची परीक्षा दिली. मिळंल का डाक्टरकीला?"

माझ्याकडं आला, कारण आमची मैथिली मेडिकलला आहे. तेव्हापासून सगळ्या भोरला वाटतं, या लताला ॲडमिशनमधलं सगळं कळतं. कळतंय डोंबल! मार्क जास्त हवेत, रँक कमी हवा. देशाचा रँक वेगळा, राज्याचा वेगळा, त्यात कॅटेगरीचा आणखी निराळा. बँकेत जन्म गेला माझा, पण मैथिलीच्या वेळी मी नुसती मान हलवत होते.

"मार्क किती पडले?" मी विचारलं.

नाथानं मागं वळून रस्त्यावर कोणी आहे का बघितलं. मग आवाज बारीक केला. "चारशेच्या आत-बाहेर असतील."

"असतील म्हणजे? मार्क आहेत का मिरच्या?"

"चारशेच धरा की."

मी लगेच मैथिलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, चारशेला एमबीबीएस विसर." मी तसंच नाथाला सांगितलं. गोड बोलणं मला जमत नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"तुमी तुमच्या हिशेबानं धरूनच सांगताय न्हवं?" त्यानं विचारलं.

"धरूनच सांगतेय बाबा."

तो गेला. पुढच्या आठवड्यात आला तो आणखी गोंधळ घेऊन. विंझरला फॉर्म भरून देणारा म्हणाला फिजिओथेरपी बघा, मार्गासनीचे एक सर म्हणाले पुन्हा परीक्षा द्या, आणि पाव्हण्यातला कोणी म्हणाला नर्सिंगला टाका. एकाच पोरीचे मार्क आणि जितकी तोंडं तितके सल्ले! माझंही डोकं चक्रावलं. सुप्रियाशी बोलावं तर वस्तीवर रेंज नाही. नाथाला खोदून विचारलं तर तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसला.

मग भागूबाईनं एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. पोर जेवत नाही, नशिबातच नाही म्हणून रडती, ताईंनी येऊन चार शब्द सांगावेत. राज्याचा फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि नाथानं तो भरायचा नाही असं ठरवलं होतं. निदान आयुर्वेदासाठी तरी भर म्हणावं, असा विचार करून मी आनंदरावांना गाडी काढायला लावली. आमचे हे वाटभर कुरकुरत होते. पालीत ट्रेकवाल्यांच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, त्यात पुढं चिखलातून चढण. मी म्हटलं, "तूप खाताना बरं तोंड चालतं!"

वर पोचलो तर अंगणात शेरडांचा व्यापारी कुंडलिक बसलेला. आखाड तोंडावर आलेला, बोकडं बघायला आला होता.

"नाथा, किती शेरडं हायती यंदा खांडात?" कुंडलिकनं विचारलं.

"हायती चाळीसेक."

"म्हंजी साठ. आन् इकायजोगी बोकडं?"

"असतील चार-पाच."

"म्हंजी आठ तरी हायती. बोल भाव."

नाथा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. दोघं सरळ भावावर आले. मी छत्री मिटता मिटता तिथंच थांबले.

"कुंडलिकराव, तो चाळीस म्हणतोय. तुम्ही साठ कुठून काढलेत?"

कुंडलिक हसला. "ताई, शेरडंवाला कवा खरा आकडा सांगतो व्हय? खांड मोजून सांगितली की नजर लागती. त्यानं कमी सांगायचं, आपुन वर धरायचं. रीतच हाय ती."

"नाथा!" मी अशी ओरडले की शेरडं बुजून बाजूला झाली. "पोरीचे मार्कसुद्धा असेच सांगितलेस?"

"मंग?" नाथा माझ्याकडं बघतच राहिला. "तुमी वर धरलंच असंल की! म्या इचारलं बी तुमास्नी."

"अरे देवा! मी चारशे म्हणजे चारशेच धरते रे बाबा!"

सुप्रिया दारात उभी होती. डोळे सुजलेले. मी विचारलं, "किती गं?" तिनं बापाकडं बघितलं. "त्याच्याकडं काय बघतेस? बोल!"

"पाचशे दोन."

"पाचशे दोन! पाचशे दोन मार्क आणि पोरीला रडवत बसवलंस?" माझा आवाज पार खालच्या वाडीपर्यंत गेला असेल. "आणि तू गं? तुला तोंड नव्हतं?"

"आबा म्हनले, ताई न्हाई म्हनल्या. मैथिलीताईच्या आईच न्हाई म्हनल्यावर अजून कुनाला इचारू? टेकाडावर जाऊन मोबाईल बगितला, तर एक व्हिडिओ मिळतंय म्हनतो, दुसरा न्हाई म्हनतो. मला वाटलं, मलाच कळंना झालंय."

नाथा तोवर दगडावर बसला होता. चेहरा पार उतरून गेला होता. "ताई, वरडू नका आकडा," तो म्हणाला. "एका साली ह्या कुंडलिकच्या बापाला म्या शेरडांचा खरा आकडा सांगितला. त्याच पावसात अर्धी खांड गेली. शेरडं पुन्हा हुत्यात. पोर एकच हाय."

मी आवाज एकदम खाली आणला. भागूबाईनं पुढं केलेला चहा उभ्या उभ्याच संपवला आणि सुप्रियाला कागदपत्रं घ्यायला सांगितलं.

त्याच गाडीतून सुप्रियाला भोरला आणलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरला. मैथिली फोनवर म्हणाली, "मिळेलही, नाहीही. अगदी काठावर आहे." झालं! म्हणजे आता माझी पंचाईत. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हो. पण समजा, नाही लागला नंबर, तर? उघड्या डोंगरावर, एका व्यापाऱ्यासमोर आकडा कोणी ओरडला? मी! नाथा तोंडानं काही बोलला नसता, आणि तेच मला सोसलं नसतं. शेवटी एका संध्याकाळी सुप्रियाच्या फॉर्मवरून मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. आनंदराव खोकत स्वयंपाकघरात आले, त्यांना फोडणी करपली म्हणून सांगितलं.

यादी लागली त्या दिवशी नाथा तुपाचा डबा घेऊन ओट्यावर बसून होता. मोबाईलवर नाव दिसलं तशी मी ओट्यावर धावत आले.

"लागलं रे नाथा! एमबीबीएस, सरकारी! पार विदर्भात आहे, पण लागलं!"

तो उठला नाही. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "ताई, खरं हाय का वर धरून सांगताय?"

"खरं आहे. जसंच्या तसं."

मग त्यानं टॉवेलात तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडले, काय लपवायचं त्यात.

तेवढ्यात शेजारच्या रतनबाईंनी भिंतीवरून डोकं काढलं. "काय गं लता, काय झालं? नाथाच्या पोरीचं लागलं का मेडिकलला?"

मी तोंड उघडलं. कागदपत्रं तपासायची बाकी होती, फी भरायची होती, पोरीनं अजून वसतिगृहात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. नाथा टॉवेलाआडून माझ्याकडं बघत होता.

"कुठलं काय, रतनबाई," मी डोळे पुसत म्हणाले, "अजून काही खरं नाही."