तुटीवरचा ठराव

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या वाचनालयात अख्खं वर्तमानपत्र कुणालाच मिळत नाही. सकाळी पेपर आले की ग्रंथपाल बाई त्यांची पानं सुटी करून टेबलावर मांडतात, म्हणजे एका पेपरात पाच-सहा जणांची सोय होते. परिणाम असा की ज्याला जे पान मिळालं तेवढंच त्याला ठाऊक असतं आणि उरलेल्या सगळ्यावर तो मोठ्या आवाजात बोलतो. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवली आणि निवृत्त झाल्यावर या वाचनालयाचा सचिव झालो. वर्ग तेवढा बदलला.

राज्याचा अर्थसंकल्प मांडला की पुढच्या रविवारी आमच्याकडे चर्चा असते. चहा, चिवडा, अध्यक्षांना नारळ. विषय वर्षानुवर्षं एकच: तिजोरीत तूट आहे, ती भरायला कर वाढवावा की खर्च कमी करावा? या विषयावर मी इतकी बडबड ऐकली आहे की आता वक्ता उभा राहिला की तो काय बोलणार हे मला त्याच्या चपलेवरून सांगता येतं. गाडीवाला पेट्रोलवर कर नको म्हणतो. सायकलवाला पेट्रोलवरच लावा म्हणतो. न पिणारे सगळे दारूवर तुटून पडतात, आणि जे पितात ते तेवढा वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसतात. आपल्याला न लागणारा कर वाढवायचा आणि आपल्याला न मिळणारा पैसा बंद करायचा, यापलीकडे आमचं अर्थशास्त्र कधी गेलं नाही.

त्या वर्षी खर्चकपातीची बाजू एका निवृत्त सरकारी इंजिनिअर साहेबांकडे होती. हे गृहस्थ पेन्शन एक दिवस उशिरा आली तर बँकेत जाऊन उभे राहतात. ते उभे राहिले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "सरकार फुकट वाटून राहिलं. ह्याले अनुदान, त्याले अनुदान. समदं बंद करा, तूट आपोआप भरते."

करवाढीच्या बाजूनं बोलायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून एका कापड दुकानदार शेठना बळेच उभं केलं. ते भले माणूस. हात जोडून म्हणाले, "देखो भाई, तुमी म्हनता म्हनून मी उभा झालो. पन टॅक्स वाढवा असं माझ्या तोंडातून निघनार नाई." टाळ्या पडल्या. एकाच बाजूचे दोन वक्ते असा तो वादविवाद.

आता बाईंचं सांगायला हवं. त्या मोर्णा नदीपलीकडून स्कूटी घेऊन यायच्या. ग्रंथालयाचा कोर्स केलेल्या, वयानं चाळिशीच्या, आणि पगार इतका की तो सांगताना सचिव म्हणून मलाच लाज वाटायची. आमचं वाचनालय सरकारच्या 'क' वर्गात होतं. 'ब' वर्गात गेलं असतं तर अनुदान वाढलं असतं आणि त्यांना पूर्ण वेळेचा पगार मिळाला असता. त्यासाठी त्यांनी दोन वर्षं खपून प्रस्ताव तयार केला होता. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन त्याची नव्यानं नोंद केली, वाळवी लागलेली बाजूला काढली, बायकांसाठी दुपारची वेळ सुरू केली. फाइल अमरावतीला, ग्रंथालय विभागाच्या कार्यालयात पाठवली त्या दिवशी त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, "सर, हे झालं तर मी राह्यते. नाई झालं तर मले दिवाळीनंतर दुसरं काही पाहा लागते."

तर त्या रविवारी बाई कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होत्या. हात वर करून मतदान झालं. खर्चकपात एकमतानं मंजूर. तेव्हा बाईंनी पेन थांबवून विचारलं, "साहेब, वाचनालयाचं अनुदान कोनत्या खर्चात येते?"

इंजिनिअर साहेब हसले. "बाई, इथं राज्याचं चालू आहे. तुमी चहाचं पाहा."

सगळे हसले. बाई चहा बघायला गेल्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस मी होतो. अनुदानाची पत्रं माझ्याच कपाटात असतात. मी बोललो नाही.

का बोललो नाही ते सांगतो. आमच्याकडे चर्चा झाली की जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरकारला निवेदन द्यावंच लागतं. निवेदन दिलं की फोटो निघतो, आणि फोटो छापून आला की ते पान ज्याच्या हाती लागेल तो दिवसभर सोडत नाही. निवेदन लिहायचं काम माझं, आणि सगळे हसत होते तेव्हा माझ्या डोक्यात एक वाक्य जमत आलं होतं: "तिजोरीला लागलेली अनुत्पादक अनुदानांची गळती शासनाने तत्काळ बुजवावी आणि त्याची सुरुवात कोणाचीही भीड न बाळगता करावी." त्यातल्या 'भीड न बाळगता'वर मी फार खूश होतो. इतक्या चांगल्या वाक्यात वाचनालयाला वगळणारं शेपूट कुठं जोडणार?

वाचनालयाच्या लेटरहेडवर ते मी स्वच्छ अक्षरात उतरवलं. बाईंनी विचारलं, "सर, शिक्का मारू?" मी म्हणालो, मारा. त्यांनी नीट, सरळ, गोल शिक्का मारला. फोटोत इंजिनिअर साहेब मधोमध आले.

पावसाळ्यात अमरावतीहून पाकीट आलं. दर्जावाढीचा प्रस्ताव परत. कारण दोन ओळींचं: दर्जावाढीने अनुदानाचा बोजा वाढतो, आणि सदर संस्थेनेच अशा अनुदानांना लेखी विरोध दर्शविला आहे. सोबत आमच्या निवेदनाची झेरॉक्स जोडली होती. माझ्या वाक्याखाली कुणीतरी लाल पेनानं रेघ ओढली होती. इतकी वर्षं मी पोरांच्या वह्यांत अशाच रेघा ओढल्या.

बातमी टेबलावर पोचली तेव्हा इंजिनिअर साहेबांच्या हातात क्रीडा पान होतं. ते खाली ठेवून ते कडाडले, "पुस्तकाचे पैसे कापते म्हंजे काय? अशानं वाचन मरून राहिलं ना बाप्पा. दारूवर काहून नाई लावत टॅक्स?" चार माना हलल्या. ताबडतोब दुसरं निवेदन द्यायचं ठरलं. रविवार ठरला, चिवडा ठरला. आपण काय केलं हे त्यांच्यापैकी एकालाही उमगलं नाही, आणि याचा मला राग येतो, पण त्यांना निदान न समजल्याची सोय आहे. मला तीही नाही.

बाई दिवाळीपर्यंत थांबल्या नाहीत. महिनाअखेरीला त्यांनी कपाटांच्या किल्ल्या एका सुतळीत ओवून माझ्यासमोर ठेवल्या. गांधी रोडवर एका चष्म्याच्या दुकानात त्यांना काम मिळालं होतं. मी म्हणालो, "ताई, थोडं थांबा. मी पुन्हा लिहितो अमरावतीला. या वेळी वाचनालयाच्या बाजूनं, चांगलं सविस्तर लिहितो."

त्या स्कूटीची किल्ली शोधत होत्या. आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

"नका लिहू सर," त्या म्हणाल्या. "तुमचं लिहिलेलं लवकर मंजूर होते."