अटीवर मान्य

बाबा कोर्टाच्या पायऱ्यांशेजारी टाइपरायटर घेऊन बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. बदलीचा, पाण्याच्या जोडणीचा, नावातली चूक दुरुस्त करण्याचा, कसलाही. सगळा रस्ता त्यांना 'अर्जमास्तर' म्हणायचा. त्यांचा एक हट्ट होता, मागणी मोघम नको. "मोघम लिहिलं की साहेबाला पळवाट मिळते," असं समोरच्याला ठणकावून सांगत आणि तारीख, माप, रंग, सगळं त्याच्याकडून वदवून घेत.

देवाशीही त्यांचा कारभार असाच. रोज सकाळी चहाच्या आधी आम्ही तिघं डोळे मिटून बसायचो आणि बाबा कलमवार सुरू व्हायचे. नुसता फ्रीज मागायचे नाहीत. डावीकडे दार उघडणारा मागायचे, कारण उजवीकडे भिंत होती. माझ्या नोकरीसाठी तर प्रभूला त्यांनी ऑफिसचा मजलासुद्धा सांगून ठेवला होता. "अहो, सगळं तुम्हीच ठरवलंत," आई म्हणायची, "देवाला निदान सहीपुरती जागा ठेवलीत का?" बाबा चिडायचे. मला हसू यायचं आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची.

त्या मंगळवारी बाबा प्रार्थनेत गॅलरीच्या गळक्या पत्र्यापर्यंत पोचले होते. तेवढ्यात काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर आई जमिनीवर होती.

तासाभरात आम्ही हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर होतो. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरीणबाई उभ्या उभ्याच बोलल्या. कवटी उघडावी लागेल, आणि ती आत्ताच. वाचण्याची शक्यता निम्मी. वाचल्या तरी कशा असतील ते सांगता येणार नाही. सिस्टरने बाबांच्या हातात संमतिपत्र दिलं आणि सहीच्या जागी फुली मारून दाखवली.

दुसरा कोणी असता तर सही करून मोकळा झाला असता. बाबांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. 'होणारे सर्व परिणाम मला मान्य आहेत' या वाक्यापाशी ते थांबले. खिशातून पेन काढून त्यांनी ते अख्खं वाक्य खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'रुग्ण पूर्ववत बरी होईल या अटीवर मान्य'. खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सहीसुद्धा केली.

"काका, हे काय केलंत?" सिस्टर ओरडली. "फॉर्म बाद झाला की!"

"मोघम होता. दुरुस्त केला," बाबा म्हणाले.

सिस्टर नवा फॉर्म आणायला खालच्या मजल्यावर पळाली. आई समोरच स्ट्रेचरवर होती. तिचा एक हात चादरीबाहेर लोंबत होता आणि बोटं अधूनमधून नुसतीच हलत होती. जन्मात मी कधी बाबांपुढे आवाज चढवला नव्हता, तो तेव्हा चढला. "आई मरतेय, बाबा! आणि तुम्ही मसुदे कसले सुधारताय?"

डॉक्टरीणबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "काका, मला अट घालू नका. ते माझ्या हातात नाही. मी फक्त प्रयत्न करणार. सही करा नाहीतर नाही म्हणा, पण लवकर सांगा."

"मग कोणाच्या हातात आहे?" बाबांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांचा चेहरा उतरला होता.

नवा फॉर्म आला. बाबांनी तो भिंतीवर धरला आणि डोळे मिटले. त्यांच्या हातातून पेन हिसकावून घ्यावं असं मला वाटत होतं.

"प्रभो, विनंती अशी की..." त्यांनी सुरुवात केली आणि अडकले. "विनंती अशी की..." हजारो अर्ज लिहिणाऱ्या माणसाला पुढचं वाक्य सुचेना. घड्याळाचा काटा सरकत होता. मग अर्जाचा नसलेला, मी कधीच न ऐकलेला त्यांचा आवाज आला. "मला ती हवी आहे. तुला ठाऊक आहे ते. पण तुझी इच्छा. माझी नाही, तुझी." एवढंच म्हणून त्यांनी न वाचता सही केली. दारं बंद झाली.

पेन खिशात ठेवून ते पाच तास बाकावर बसून होते. मी मात्र मनातल्या मनात देवाला एकामागून एक अटी घालत होते.

आई वाचली. रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर मंडळींनी बाबांना गराडा घातला. "काय अर्जमास्तर, झाला ना अर्ज मंजूर!" पाळकसाहेबांनीही पाठ थोपटली.

"मी अर्ज केलाच नव्हता," बाबा तडकून म्हणाले. "मी सही केली होती."

बिचाऱ्यांना काय माहीत! शुद्धीवर आल्यापासून आईला फक्त तिचं माहेर आठवत होतं. मला ती ताई म्हणते, तिची थोरली बहीण समजून. पस्तीस वर्षं सोबत राहिलेल्या नवऱ्याला मात्र रोज सकाळी अदबीने विचारते, "आपण कोण?"

तीन महिने हे बघितल्यावर मी एकदा बाबांना आईच्या खोलीच्या दारातच गाठलं. "आता तरी मागा ना. तिला तुम्ही आठवावेत एवढंच मागा."

"मागतो की. रोज मागतो," ते म्हणाले. "फक्त आता सही आधी करतो."

मला ते पटलं नाही. अजूनही राग येतो, देवाचा की बाबांचा कोण जाणे. मी काहीतरी लागट बोलणारच होते, तेवढ्यात आतून आईची हाक आली.

"ताई, ते गृहस्थ कधीचे उभे आहेत गं. त्यांना बसायला सांग ना."

बाबा आत गेले. "आभारी आहे," म्हणाले, आणि आपल्याच घरातल्या खुर्चीवर पाहुण्यासारखे अगदी कडेला बसले.