बुडालेल्या ट्रॅक्टरांचे दाजी

पाण्यात बुडालेल्या ट्रॅक्टरवर आमच्या दाजींइतकी माया करणारा माणूस जुन्नर-आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत सापडायचा नाही, आणि त्या ट्रॅक्टरच्या मालकावर त्यांच्याइतका संशय घेणाराही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. निरगुडसरला रस्त्याच्या कडेला, घराला लागूनच त्यांची पत्र्याची शेड आहे. एरवी तिथं कुणी नांगर आणावा, कुणी फवारणीचा पंप आणावा, दाजी मुकाट्यानं दुरुस्त करून देत. पण नदीचं पाणी शेतात शिरलं आणि कुणाचा ट्रॅक्टर बुडाला, की हा माणूस बदलायचा. अशा दिवसांत फोन वाजला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, “चालू करू नका.” नमस्कार नाही, कोण बोलतंय याची चौकशी नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या बहिणीनं नात झाल्याची बातमी द्यायला फोन केला, तर तिलाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

बुडालेल्या ट्रॅक्टरजवळ पोचले की ते आधी चावी मागत आणि बंडीच्या आतल्या खिशात टाकत. मग घरातल्या एकेकाला बाजूला घेऊन विचारत, कुणी सेल्फ मारून पाहिला का, कुणी ढकलून चालू करायला गेलं का. इंजिनात पाणी असताना ते फिरवलं तर पाणी दबत नाही, मग आतलं लोखंड वाकतं, एवढं साधं त्यांचं म्हणणं. पण ते म्हणण्याची त्यांची तऱ्हा अशी, की ऐकणाऱ्याला पोलीस पाटलापुढं उभं केल्यासारखं वाटे. घोडेगावकडच्या एका बड्या बागायतदारानं “आम्ही हातही लावला नाही” असं सांगितल्यावर दाजी चहा तसाच ठेवून उठले आणि शेजारच्या घरी जाऊन खात्री करून आले. बागायतदार रागावला. दाजींच्या ते लक्षातही आलं नाही, ते तोवर ट्रॅक्टरखाली आडवे झाले होते.

त्यांचा दुसरा छंद आक्काला महागात पडला. इंजिनात पाणी मिसळलं की ऑइल ताकासारखं पांढरट होतं. दाजी ते काढून टाकत, नवं भरत, इंजिन हातानं फिरवत, पुन्हा काढत, आणि दर खेपेला थोडं काचेच्या ग्लासात घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवत. दिवसभरात तळाशी पाणी साठलं, की पुन्हा पहिल्यापासून. लागोपाठ तीन ग्लास नितळ निघाल्याशिवाय ते पुढच्या कामाला हात घालत नसत. एका पावसाळ्यात चार ट्रॅक्टर आले आणि आक्काचा लग्नातला ग्लासांचा संच संपला. खाटेवर एका बाजूला तिचे पापड आणि दुसऱ्या बाजूला सेल्फचे आणि डायनामोचे सुटे भाग वाळत असत, आणि ढग आला तर दाजी आधी काय उचलत हे तिला पाठ झालं होतं. माहेरी आली की ती म्हणे, “माझ्या घरात पावण्याला स्टीलचा पेला अन् ट्रॅक्टरला काचेचा गलास.” पण एखाद्या जावेनं दाजींना नाव ठेवलेलं तिला चालत नसे.

हे सगळं मी हसत हसत लोकांना सांगत असे, आमचाच ट्रॅक्टर बुडेपर्यंत. आमचं गाव निमगाव सावा. मी घोडेगावला कचेरीत कारकून, शेती वडील बघत. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांनी आयुष्यात हौसेनं घेतलेली एकच वस्तू म्हणजे तो ट्रॅक्टर. मला ते चालवायला देत नसत. माझा हात घाईचा आहे, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी माझ्या सासरच्या माणसांसमोरही लपवलं नव्हतं. त्या साली पाणी चढलं तेव्हा ट्रॅक्टर नदीकडच्या रानात होता. दोन दिवस नुसतं छत दिसत होतं. पाणी उतरल्यावर मी दाजींना फोन लावला. ते दुसऱ्या गावी अडकले होते. परवा येतो, तोवर हात लावू नका, म्हणाले.

मी हात लावला. नाना दोन दिवस धड जेवले नव्हते, कांद्याची रानं तयार करायची राहिली होती, आणि ट्रॅक्टर चालू करून थेट त्यांच्या दारात नेऊन उभा करावा असं माझ्या मनात आलं. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला टोचन लावून आमचा गाळातून ओढून काढला. ओढता ओढता मी गिअर टाकला आणि क्लच सोडला. आत ठक्क असा आवाज झाला आणि मागची चाकं न फिरता घासत गेली. मी गिअर काढला. शेजारी पुढं बघत होता, त्याला काही कळलं नाही.

ठरल्या दिवशी दाजी आले. त्यांनी चावी घेतली, नानांना विचारलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि कामाला लागले. ट्रॅक्टर निरगुडसरला नेला. तिसऱ्या दिवशी इंजिन उघडलं तेव्हा नाना आणि मी तिथंच होतो. पिस्टनखालचा एक रॉड वाकला होता. नानांनी विचारलं, हे कशानं झालं. दाजी म्हणाले, “पानी शिरलं की व्हतं असं, मामा.” माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. संध्याकाळी मी निघालो तेव्हा एवढंच म्हणाले, उद्यापास्नं कचेरी सुटली की इकडं या, धुवायचं काम लई हाये.

आठ दिवस मी त्यांच्या शेडमध्ये बसून डिझेलनं गिअर, बेअरिंग, नट असं एकेक धूत होतो. गाळ असा बारीक, की नखात गेलेला दुसऱ्या दिवशी फायलींवर दिसे. दाजी खिडकीतला ग्लास उचलून दाखवत आणि मला विचारत, “झालं का नितळ?” मी नाही म्हणालो की खूश होत. आठव्या दिवशी बोनेट बसवताना ते म्हणाले, “पावणं, मामांना मी अर्धंच सांगितलंय. उरलेलं तुमी सांगा. मी सांगितलं तर ती चहाडी व्हईल.”

दुसऱ्या दिवशी नाना आले. ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला चालू झाला. नाना बोनेटवरून हात फिरवत उभे होते. मी त्यांना सांगितलं, गिअर मी टाकला होता आणि विचारल्यावर खोटं बोललो होतो. आक्का दारातून आत निघून गेली. नानांनी दाजींना विचारलं, रॉड सरळ केला का नवा टाकला. नवा, दाजी म्हणाले. नानांनी त्यांच्याकडून चावी घेतली आणि माझ्यासमोर धरली.

“घरापतूर घेऊन चल,” ते म्हणाले. “मी मडगार्डवर बसतो.”

निरगुडसर ते निमगाव सावा मी एवढ्या सावकाश आलो, की वाटेत सायकलवाले पुढं गेले. नाना रस्ताभरात एकदाही ‘हळू’ म्हणाले नाहीत.

आता दाजी शेडमध्ये फारसे जात नाहीत. इंजिनांच्या आवाजानं त्यांचे कान गेले. नव्या ट्रॅक्टरांच्या वायरी त्यांना आवडत नाहीत, आणि फोन घेते ती आक्काच. यंदा दिवाळीनंतर दोघं आमच्याकडं आले तेव्हा नाना त्यांना हाताला धरून गोठ्याकडं घेऊन गेले आणि मला ट्रॅक्टर चालू करायला सांगितलं. आवाज अंगणभर झाला, कोंबड्या पळाल्या. दाजी तसेच उभे. मग त्यांनी हळूच इंजिनावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. नाना त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

“चांगला चाललाय,” दाजी म्हणाले, आणि हात मात्र काढला नाही.