वाटेतला वायू

नौपाड्यात आमच्या समोर राहणारी ती मुलगी चहा उभ्यानेच प्यायची. बोलता बोलता मधेच "नाही, थांबा" म्हणून स्वतःलाच अडवायची. अतिदूरच्या दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, प्रकाशावर तिचं संशोधन चाललेलं. वर्णपटातल्या निळ्या बाजूचा प्रकाश हिशेबापेक्षा फार कमी भरायचा. आपलीच मोजणी चुकतेय असं धरून तिने सगळं सोडून चिपळूणला आईकडे परतायचं ठरवलं होतं.

एका दुपारी तिने आमची बेल दाबूनच धरली.

"काकू, माझी मोजणी बरोबर होती! दीर्घिकांच्या मधे पसरलेला वायूच तो प्रकाश शोषून घेतो. मला वाटलं त्याहून जास्त वायू आहे तिथे. माझ्या मार्गदर्शक सरांनीही तपासलं!"

"मग आता?"

"तुमच्याकडून फोन करू?"

चपलांसकट आत येऊन तिने नंबर फिरवला.

"आई, मी येत नाहीये," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. ती इथेच राहणार म्हणून मला मात्र हायसं वाटलं.